छातीवर अर्धा लेख, खिशावर अर्धा

तुमच्या गावात वाचनालय आहे ना? मग सांगा बघू, त्यातलं टेबल केवढं लांब आहे?

नाही ना सांगता येत? वाटलंच. वाचनालयाचा विषय निघाला की आपण सगळे गळा काढतो. हल्ली वाचतंय कोण, पोरं मोबाइलमध्ये बुडाली, सगळं रसातळाला चाललं. पण आत जाऊन टेबल बघितलेलं नसतं एकानंही. ज्या बाईनं ते बघितलं ती वाचायला गेलीच नव्हती. ही तिची गोष्ट.

गावात तिला सगळे कात्री म्हणायचे. शिवणकाम करायची म्हणून म्हणायचे, असं तिची सासू पाहुण्यांना सांगायची. खरं कारण तिची जीभ. सदरा पोटावर घट्ट झाला म्हणून कुणी कुरकुरलं, की ही दातात दोरा धरून म्हणायची, "सदरा होता तिथंच आहे, तुम्ही पुढं आलात." गिऱ्हाईक हसायचं, चिडायचं, पण परत तिच्याचकडे यायचं. कारण तिनं घातलेली शिवण कापड विरलं तरी सुटायची नाही.

शिवण ती कुठल्या क्लासात शिकली नव्हती. लहानपणी जुने कपडे उसवायची. बाही अंगाला कशी जोडलीय, गळ्याची पट्टी कुठं वळलीय, हे उसवता उसवता तिला कळत गेलं. लोक बांधून शिकतात, ही मोडून शिकली. पण लग्न झाल्यावर मशीन आली आणि तिच्याबरोबर आली गावभरची फाटकी कामं. चेन बदला, खालची दुमड सोडा, उशीला अभ्रा करा, पिशवीला बंद लावा. "मी शिंपीण नाही, फाटक्यांची डॉक्टर आहे," असं ती म्हणायची. हसून म्हणायची, पण आत कुठंतरी टोचायचं. अख्ख्या नव्या कापडाच्या ताग्याला कात्री लावायची, एकसारखे पन्नास कपडे शिवायचे, ही तिची जुनी इच्छा.

आणि ती संधी चालून आली. गावाबाहेरच्या दूध डेअरीला कामगारांसाठी लांब बाह्यांचे एप्रन हवे होते. मॅनेजरनं कापड दिलं आणि म्हणाला, "एक नमुना शिवून आणा. पसंत पडला तर सगळं काम तुमचं."

तिनं नमुना शिवला. मॅनेजरनं एका कामगाराला तो घालायला लावला आणि म्हणाला, "नीट उभा राहा."

"नीटच आहे साहेब."

"अरे, ताठ उभा राहा."

"ताठच उभा आहे."

मॅनेजरनं खाली वाकून बघितलं. एप्रनची एक बाजू गुडघ्यावर, दुसरी गुडघ्याच्या खाली बोटभर. तो गरीब माणूस उतारावर उभा असल्यासारखा दिसत होता. मॅनेजर वाईट नव्हता. त्यानं एप्रन घडी करून परत दिला. "सोमवारी दुसरा आणा. तोही असाच झाला तर मला शहरातून तयार मागवावे लागतील."

घरी येऊन तिनं एप्रन जमिनीवर पसरला आणि कंबरेवर हात ठेवून बघत बसली. चूक हाताची नव्हती. चूक जमिनीची होती. घर एका खोलीचं. खिडकीशी मशीन, भिंतीला पलंग, कपाट, सासूची खुर्ची. उरलेल्या जमिनीवर ती कापड पसरायची, आणि ती जमीन दाराकडे उतरती. लिंबू ठेवलं तर गडगडत उंबऱ्याला जाऊन टेकायचं. अभ्रा कापताना हे कळत नाही. लांब कापड मात्र आपल्या वजनानं हळूहळू उताराला सरकतं आणि कात्रीला फसवतं.

"पलंगावर काप," सासू म्हणाली.

"तुम्ही उठणार का पलंगावरून?"

"मी कशाला उठू? माझ्या बाजूबाजूनं काप."

"मग एप्रनला तुमच्या आकाराचं भोक पडेल, आई."

सासू हसली. तोंडात दात कमी, पण हसू भरपूर. मग जरा विचार करून म्हणाली, "त्या वाचनालयात एक टेबल आहे. मतदानाला गेले होते तेव्हा बघितलं. माणूस झोपवावा एवढं लांब. वरून सपाट. मी शाई लावून घेत होते आणि मनात म्हटलं, यावर पापड लाटले तर चार बायका बसतील."

"वाचनालयात? मला कोण आत घेणार? मी काय वाचणार तिथं?"

"मी तरी कुठं वाचायला गेले होते? घेतलं की मला आत."

म्हातारीचा मुद्दा बिनतोड होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. वाचनालय म्हणजे एक लांबट खोली, दोन्ही भिंतींना कपाटं, उंच खिडक्या, 'शांतता राखा' अशी पाटी, आणि शांतता राखायला एकही माणूस नाही. मधोमध टेबल. ती दारात क्षणभर थांबली, गळ्यातली टेप काढली आणि कुणाला काही न विचारता टेबल मोजायला लागली.

कोपऱ्यातून आवाज आला. "कुणाचं माप घेताय?"

ती ग्रंथपाल. गाव तिला पुस्तकवाली म्हणायचं. नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते. दुपारभर पुस्तकांवरची धूळ एका कपाटातून दुसऱ्या कपाटात पाठवणं हे तिचं काम.

"टेबलाचं."

"त्याला काय शिवायचंय?"

"त्याला नाही, त्याच्यावर." आणि कात्रीनं उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. डेअरी, उतारावरचा कामगार, सोमवार, सासूचे पापड. पुस्तकवाली ऐकता ऐकता हसत उठली, मागच्या कपाटाकडे गेली आणि एक जाड पुस्तक घेऊन आली. उघडताना बांधणीनं कर्र असा आवाज केला. आजवर त्याला कुणी उघडलंच नव्हतं.

"शिवणकामाचं आहे. यात कामगारांच्या कपड्यांचा धडा आहे. हा बघा लांब एप्रन, मापांसकट."

कात्रीनं चित्रावर बोट फिरवलं. "चित्र कळतं मला. अक्षरांशी भांडण नाही, पण येणं-जाणंही नाही."

"मग मी वाचते, तुम्ही आखा."

दुपारभर तेच चाललं. एकीनं वाचायचं, दुसरीनं खडूनं टेबलावरच आखायचं. पुस्तकातली बाही कात्रीला पटेना. "ही बाही घालून माणूस हात वर करून दाखवू दे, मग मानते," ती म्हणायची. पुस्तकवाली तोच उतारा परत वाचायची, आणि मग कळायचं की काखेतली कळी जोडायची राहिली होती. कळी म्हणजे हात मोकळा हलावा म्हणून काखेत लावलेला चौकोनी तुकडा. "हां, मग बरोबर," कात्री म्हणाली. पुस्तकावर एवढी मेहरबानी तिनं आयुष्यात पहिल्यांदा केली.

निघताना ठरलं. महागाचं कापड थेट कापायचं नाही, आधी कागदावर कापायचं. शिवणकामात त्याला पेपर कटिंग म्हणतात. पुस्तकवाली म्हणाली, "उद्या सकाळी लवकर या. वाचक यायच्या आत उरकून घ्या. कागद त्या दारामागच्या कोपऱ्यातल्या रद्दीतला घ्या, पाहिजे तेवढा."

सकाळी पुस्तकवालीनं कुलूप काढलं आणि ती माठ घेऊन नळावर पाणी भरायला गेली. कात्री आत गेली. दारामागच्या कोपऱ्यात बघते तर रद्दीच्या ढिगावर चार वर्तमानपत्रं. न चुरगळलेली, न मळलेली, घडीसुद्धा करकरीत. तिनं नाकाशी धरून वास घेतला. मनात म्हणाली, शेवटी वाचनालय ते, इथली रद्दीसुद्धा खानदानी.

आता यात तिची काय चूक, तुम्हीच सांगा. तिच्या घरी पेपर यायचा तो भंगारवाल्याकडून, तेलाचे डाग घेऊनच. पेपर म्हणजे कापायचा कागद, हेच तिला जन्मभर माहीत. आणि पेपरवाला रोज दाराच्या फटीतून पेपर सरकवतो आणि ते घसरत थेट रद्दीवर जाऊन बसतात, हे तिला सांगितलं कुणी?

तिनं चारही पेपर घरून आणलेल्या पिठाच्या खळीनं जोडले, टेबलभर पसरले, आणि कापले. पाठ, छाती, बाह्या, कळ्या, गळ्याची पट्टी, खिसा. सपाट टेबलावर कात्री अशी चालली जशी वाऱ्यावर पतंग. शेवटचा खिसा सुटा केला तेव्हा ती स्वतःशीच गुणगुणत होती. तुकडे गुंडाळून तिनं काखेत मारले आणि कापून उरलेले पेपर नीट घडी करून टेबलावर ठेवले. उगाच कुणी म्हणायला नको की पसारा केला.

तेवढ्यात वाचनालयाचे अध्यक्ष आले. निवृत्त पोस्टमास्तर. सदऱ्याला कडक इस्त्री, चेहऱ्यावर नवरदेवाचं तेज. त्याला कारण होतं. गेली कित्येक वर्षं ते वर्तमानपत्राला लेख पाठवत होते आणि वर्तमानपत्र ते छापत नव्हतं. आज मात्र मेहुण्याचा फोन आला होता, 'भाऊजी, तुमचं छापून आलंय.' त्यांच्यामागून न्हावी आला. तो रोजचा पहिला वाचक.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. पेपर उचलला. दोन्ही हातांनी ऐटीत उघडला. आणि त्यांना पेपरातून पलीकडे बसलेला न्हावी दिसला.

"हे काय आहे?"

न्हाव्यानं दुसऱ्या बाजूनं डोळा लावला. "गळा आहे, साहेब. गोल गळा."

पुस्तकवाली माठ घेऊन दारात आली. तिनं पेपर बघितला, कात्रीच्या काखेतली गुंडाळी बघितली, आणि माठ हळूच खाली ठेवला.

"ताजे पेपर कापलेत?" अध्यक्षांचा आवाज पाटीकडे न बघता चढला. "हे वाचनालय आहे की शिंप्याचं दुकान? यापुढं या टेबलावर वाचनाशिवाय काही होणार नाही. ती गुंडाळी इकडे आणा."

कात्रीनं मनात हिशोब केला. पेपर गेले तर भरून देता येतील. टेबल गेलं तर सोमवार गेला, आणि सोमवार गेला की परत चेन बदला, बंद लावा. पण ही बाई रडणाऱ्यांतली नव्हती. तिनं गुंडाळी आणखी घट्ट धरली.

"चुकलं माझं. पेपर ताजा आहे हे मला दिसलं होतं. मला वाटलं, चांगल्या घरची रद्दी असेल. पण गुंडाळी नाही द्यायची, काका. माझ्या कामाचा हा पहिला सरळ कागद आहे."

"माझा लेख आहे त्याच्यात!"

"कुठल्या भागात?"

"सहाव्या पानावर."

"पान नाही विचारलं. पाठीत आहे की बाहीत?"

न्हावी तोंडावर पंचा धरून हसायला लागला. पुस्तकवालीनं मान फिरवली, पण तिचे खांदे हलत होते. कात्रीनं गुंडाळी टेबलावर सोडली, तुकडे चाचपले, आणि छातीचा भाग अध्यक्षांपुढं ठेवला. "हे बघा, तुमचं नाव. फोटोसुद्धा आहे. खळ लागलीय जराशी, पण चेहरा शाबूत आहे."

अध्यक्ष वाकले. राग होता, पण छापून आलेलं स्वतःचं नाव समोर असताना राग कोण किती वेळ धरणार? त्यांनी खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. लेखाचं शीर्षक होतं 'ओस पडलेली वाचनालये'. एव्हाना नेहमीचे आणखी वाचक आले होते, आणि आरडाओरडा ऐकून समोरचा दुधवाला आणि किराणावालाही डोकावले होते. खोलीत उभं राहायला जागा नव्हती.

"'आज आमच्या वाचनालयात माणूस फिरकत नाही,'" अध्यक्षांनी वाचलं, आणि वर बघितलं. सगळे त्यांच्याकडेच बघत होते. त्यांनी घसा खाकरला. "'ज्या समाजाला ग्रंथालयाचा उपयोग कळत नाही, त्या समाजाने...'" तिथं कागद संपला.

"पुढं?" दुधवाल्यानं विचारलं.

"पुढचं खिशावर आहे," कात्री म्हणाली, आणि खिसा पुढं केला.

आता मात्र 'शांतता राखा'ची पाटीसुद्धा हलली असेल. अध्यक्षांनी खिसा हातात घेतला. ओठ आवळून धरले. मग तेही फिसकन हसले, आणि हसू लपवायला खिशानंच तोंड झाकलं.

तरी माणूस नियमाचा पक्का. हसून झाल्यावर म्हणाले, "ते सगळं ठीक. पण टेबल वाचनाचं आहे. उद्या चांभार येईल, परवा सुतार येईल. धंद्याला टेबल द्यायचं आपल्या नियमात नाही."

तेव्हा न्हावी उठला. "साहेब, मी इथं रोज कशाला येतो?"

"वाचायला."

"वाचायला कसलं? माल भरायला. ताजी बातमी नसली तर गिऱ्हाईक माझ्या खुर्चीत टिकत नाही, चौकातल्या दुसऱ्याकडे जातं. तुमच्या पेपरावर माझं दुकान चालतंय इतकी वर्षं. मग मला पण बंद करा. मी बातमी डोक्यात घालून नेतो, हिनं काखेत नेली, एवढाच फरक."

अध्यक्षांनी चष्मा काढून परत पुसायला घेतला. तो नाकावर चढायच्या आत पुस्तकवाली पुढं झाली. "आणि नियमात एक आहे, साहेब. सभासदाच्या हातून काही फाटलं तर त्यानं ते नीट करून वाचनालयाला परत द्यायचं. पेपर आपले. म्हणजे हे तुकडेही आपले. मावशींना सभासद करून घेऊ आणि हे कटिंग त्यांना पुस्तकासारखंच घरी देऊ. काम झालं की परत आणतील."

"यावर वाचनालयाचा शिक्का लागतो," अध्यक्ष सावकाश म्हणाले.

"लावा ना."

पोस्टमास्तरच्या हातात शिक्का दिला, की पुढचं बोलायचं कारण उरत नाही. ठक, पाठ. ठक, ठक, बाह्या. ठक, कळी. छातीवर त्यांनी फोटो वाचवून, कडेला, अगदी जपून शिक्का मारला. "दुपारी टेबल रिकामं असतं," शिक्का पुसत ते म्हणाले. "दुपारी. आणि पेपर विचारून घ्यायचा."

"विचारूनच घेईन. म्हणजे तुमचा लेख मध्ये कापला जाणार नाही."

त्याच दुपारी तिनं कागदावरून कापड कापलं. टेबलावर कापड पडून राहिलं, कुठंही सरकलं नाही. सोमवारी डेअरीत तोच कामगार उभा राहिला. मॅनेजर खाली वाकला, उजवीकडून बघितलं, डावीकडून बघितलं, आणि म्हणाला, "हात वर कर." त्यानं केला. काखेत काही ताणलं नाही. "कापडाचा तागा घरी पाठवू का?"

"घरी नको," कात्री म्हणाली. "वाचनालयात पाठवा."

घरी सासू वाटच बघत होती. "झालं ना काम? मी म्हटलंच होतं. आता मला पण ने एकदा, पापडाचं बघून येते."

"तुमचा काय शिक्का मारायचा, आई?"

"पापडावर मार. चव कळेल वाचनालयाची."

कटिंग वेळेवर परत गेलं. पुस्तकवालीनं खिडकीजवळ दोरी बांधली आणि चिमट्यांनी तुकडे टांगले. शेजारच्या गावातली एक शिवणारी ते बघून घेऊन गेली. मग तिची बहीण. कात्रीनं फ्रॉकचं, पायजम्याचं, पावसाळी टोपीचं कटिंग करून दिलं, तीही दोरीवर चढली. तुम्हाला वाटेल, आपली विद्या कशाला वाटायची? तिलाही आधी तसंच वाटलं होतं. पण डेअरीचं काम तिच्या एकटीच्या हातून उरकेना, तेव्हा ज्यांनी कटिंग नेलं होतं त्यांनाच तिनं हाताखाली नाही, बरोबरीनं बसवलं. माप एकच, त्यामुळं एप्रनही एकसारखे.

सुताराला टेबलाचा एक पाय किंचित डुगडुगताना दिसला. तो आला, पाचर मारली, आणि घरांच्या खिडक्यांचं चित्रांचं पुस्तक बघत बसला तो संध्याकाळपर्यंत उठलाच नाही. साबण करणाऱ्या दोघी जावा पुस्तकवालीच्या कॉम्प्युटरवर वेष्टनावरची नावं जुळवायला येतात आणि कुणाचं नाव वर यावं यावर भांडतात. तेवढं मात्र पाटीकडे बघून, हळू आवाजात.

आणि अध्यक्ष? त्यांची गोष्ट सगळ्यात मजेची. एप्रनचं ते कटिंग आता इतक्या घरांत जाऊन आलंय, की वाचनालयात सर्वाधिक घरी नेलं जाणारं लिखाण कुणाचं, असं विचारलं तर उत्तर एकच. ते स्वतः पाहुण्यांना दोरीजवळ नेऊन दाखवतात. परवा त्यांचा दुसरा लेख छापून आला. पेपर बगलेत मारून ते थेट कात्रीकडे गेले. दारातून आत वाकून हळूच विचारलं, "बघ गं, हा बाहीत बसेल का?"

तिनं दातातला दोरा काढला, लेखाची लांबी टेपनं मोजली आणि म्हणाली, "बाहीत नाही बसायचा, काका. पण पाठीला पुरेल. शेवटचं वाक्य तेवढं दुमडीत जाईल."

"जाऊ दे. शेवटचं वाक्य असंही जरा लांबलं होतं."

तर आता तुम्ही. वाचनसंस्कृतीवरचं पुढचं भाषण जरा बाजूला ठेवा. आज दुपारी तुमच्या वाचनालयात जा आणि टेबल मोजून या. रिकामं दिसलं, तर ज्या शेजारणीला घरात कापड पसरायला, लेबल चिकटवायला, कागदावर हिशोब मांडायला जागा नाही, तिला उद्या हाताला धरून तिथं नेऊन बसवा. आणि दारामागच्या कोपऱ्यात काय ठेवलंय, ते तिला आधीच सांगा.